यमुनाक्का आणि केस कापायचे यंत्र

गेल्या वर्षी दिवाळी संपल्यानंतरच्या सोमवारी दक्षिण बेंगळुरूमधल्या एका नर्सिंग होमने यमुनाबाई राव या तिथे राहणाऱ्या बाईंना जागा सोडायला सांगितले. त्याच दिवशी दुपारी त्या गेल्या. संस्थेने लेखी कारण दिले नाही. तोंडी कारण असे दिले, की त्यांनी केस कापायचे विजेचे यंत्र अंगणातल्या संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत टाकले. यमुनाबाईंनी ते नाकारले नाही. "टाकलं. दुसरं आणा, तेही टाकते," असे त्या मॅनेजरबाईंना सगळ्यांसमोर म्हणाल्या.

त्यांना तिथे सगळे यमुनाक्का म्हणत. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्या स्वतः अडुसष्ट सांगत, आणि दर वर्षी अडुसष्टच सांगत. घराणे बेंगळुरूच्या चामराजपेटेतले, पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण महाराष्ट्र त्यांनी पाहिला होता तो तुळजापूरपुरता. घराच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्र टाकून त्यांनी आयुष्यभर ब्लाऊज शिवले. लग्न केले नाही. का, असे विचारणाऱ्याला "माप बसलं नाही" एवढेच उत्तर मिळे. पडून खुब्याचे हाड मोडले तेव्हा पुतण्या चंद्रूने त्यांना इथे आणले. चंद्रूचे दुकान त्याच शहरातल्या शिवाजीनगरात आणि घर दुकानाच्या वर. तो जिना त्यांना चढता येत नव्हता.

माझी आत्या त्याच हॉलमध्ये शेजारच्या खाटेवर होती, म्हणून दर शनिवारी माझे तिथे जाणे असे. पुढे लिहिले आहे त्यातले काही मी पाहिले आहे. बाकीचे आत्याने आणि मंजुळाने सांगितले. मंजुळा तिथली आया, बीदरकडची, मराठी चांगले जाणणारी. दोघींच्या सांगण्यात जिथे मेळ बसला नाही, ती गोष्ट सोडून दिली आहे.

दुपारचा चहा झाला की यमुनाक्का हॉलच्या मध्यभागी एक बुटकी खुर्ची मांडत आणि तिच्यामागे भिंतीला टेकून उभ्या राहत. खुब्यामुळे त्यांना खाली बसता येत नसे. हातात तेलाची बाटली, दातात फणी, खांद्यावर ब्लाऊजच्या उरलेल्या काठांच्या फिती. मग एकेक बाई येऊन खुर्चीवर बसे. ज्यांना चालता येत नसे त्यांची चाकाची खुर्ची मंजुळा ढकलत आणी. तेल, विंचरणे, वेणी, फीत. कुणाचा शेपटा, कुणाची केवळ बोटभर वेणी, पण घातल्याशिवाय सुटका नाही.

या वेणीला एक नियम होता. खुर्चीवर बसलेल्या बाईने काल न सांगितलेले काहीतरी सांगायचे. जयम्मा नावाच्या एक कन्नड आजी रोज त्याच बसमधून पडत. यमुनाक्का त्यांचे केस हलकेच ओढत.

"ही बस काल आली होती."

"मग मी काय सांगू? मला दुसरं काही आठवत नाही."

"आठवत नाही तर खोटं सांग. खोटं चालतं, शिळं चालत नाही."

तेव्हापासून जयम्मा खोटे सांगू लागल्या आणि त्यांच्या खुर्चीभोवती गर्दी होऊ लागली. एकदा त्यांनी म्हैसूरच्या राजवाड्यात हत्तीला इडली चारली. दुसऱ्या दिवशी हत्तीने त्यांना मागणी घातली. ज्या हॉलमध्ये सकाळपासून टीव्हीशिवाय कुणी बोलत नसे, तिथे रोज दुपारी तासभर हसण्याचा आवाज येई. तो रस्त्यापर्यंत ऐकू येई, हे मी स्वतः ऐकले आहे.

विंचरताना निघालेले गुंतवळ त्या फेकू देत नसत. बोटाभोवती गुंडाळून एका कापडी पिशवीत ठेवत. "आपल्या डोक्यावरचं आपण उकिरड्यावर टाकायचं नाही," असे म्हणत. पिशवी उशाखाली असे. मॅनेजरबाईंना ती आवडत नसे.

त्या गोड स्वभावाच्या होत्या असे कुणी म्हणणार नाही. त्या पक्षपात करत. आवडतीला चारपदरी वेणी, नावडतीला तीनपदरी, आणि भांडण झाले असेल तर भांग वाकडा. खाऊ आला की मैसूरपाकाचा मधला तुकडा आधी उचलत. मंजुळा तिघींचे काम एकटी करत होती, तरी तिला "आळशी म्हैस" म्हणत. मंजुळाही ऐकून घेत नसे. "म्हशीच्या हातचा चहा कशाला पिता, अक्का?" असे विचारी. "म्हशीचंच दूध असतं त्यात," असे उत्तर येई.

एका शनिवारी एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीची मुले-मुली सेवा करायला आली. सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घातले होते. त्यांनी फुगे लावले, केक आणला, म्हाताऱ्यांच्या डोक्यावर कागदी टोप्या चढवल्या आणि टाळ्या वाजवत संगीतखुर्ची सुरू केली. हॉलमधल्या निम्म्या जणींना उठून उभे राहता येत नव्हते. एक मुलगी टोपी घेऊन यमुनाक्कांपाशी आली.

"आजी, स्माईल!"

"आधी ती टोपी तुझ्या आजीला घाल. तिला पाठव फोटो. काय म्हणते ते येऊन सांग."

मुलगी गोंधळली. यमुनाक्कांनी तिचा हात धरून तिला खाली बसवले. "सेवा करायची ना? सरी, ठीक. हे नेलकटर घे. त्या आजींच्या पायाची नखं बघ, आत वळलीत. तू रे, दाढीवाल्या, मोबाईल ठेव. बादलीत कोमट पाणी आण. आधी पाय भिजव, मग कापायची."

तासाभराने आठ-दहा संगणक अभियंते जमिनीवर बसून म्हाताऱ्या बायकांची नखे कापत होते. फोटो कुणी काढला नाही. निघताना दाढीवाला मुलगा यमुनाक्कांच्या पाया पडला. "साकु, साकु," म्हणजे पुरे, पुरे, असे म्हणत त्यांनी त्याला उठवले आणि उरलेल्या केकचा डबा त्याच्या हातातून काढून घेतला. पुढच्या महिन्यात अशा गटांसाठी मॅनेजरबाईंनी सूचना काढली, की निवासी व्यक्तींना स्पर्श करू नये. फुगे चालतील.

सुधाताई कुलकर्णी यमुनाक्कांच्या नावडतीच्या यादीत होत्या. सुधाताई आणि त्यांचे यजमान वसंतराव पन्नास वर्षांपूर्वी मिरजेहून इथे आले. वसंतराव एका सरकारी कारखान्यात अभियंता होते. त्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू आणि वाचा गेली. त्याच सुमारास सुधाताईंना विस्मरणाचा आजार झाला. मुलगा अमोल, एचएसआर लेआउटमध्ये राहणारा, दोघांना इथे घेऊन आला. इथे बायका खालच्या मजल्यावर आणि पुरुष वरच्या, असा नियम आहे. जोडप्यांनाही तो लागू आहे. वसंतरावांना रविवारी, आया मोकळी असेल तर, लिफ्टने खाली आणत.

सुधाताईंना कालचे आठवत नसे, पण भाषा शाबूत होती, आणि त्या यमुनाक्कांचे मराठी सुधारत.

"'साकु' काय, यमुनाबाई? पुरे म्हणावं."

"तुमच्या 'पुरे'ला चामराजपेटेत कोण विचारतो?"

"पण आपण मराठी ना?"

"आम्ही घोड्यावरून आलो, सुधाबाई. तुम्ही रेल्वेनं आलात. आम्हाला शिकवू नका."

तरीही वेणीच्या वेळी सुधाताईंचा क्रम पहिला असे. कारण सरळ होते. हॉलमध्ये सर्वांत लांब केस त्यांचे होते, कमरेखालपर्यंत, पांढरे आणि दाट. वसंतराव रविवारी खाली आले की चांगला असलेला डावा हात उचलून त्या वेणीचे टोक धरून बसत. कुणी पाहत असेल तर सोडून देत.

दसऱ्याच्या पुढच्या आठवड्यात निवासी बायकांच्या नातेवाइकांच्या फोनवर एक संदेश आला. स्वच्छतेच्या कारणासाठी केस आखूड करण्यात येतील, कृपया संमती कळवावी, एवढाच मजकूर होता. सहा जणांनी उत्तर दिले. अमोलने अंगठ्याचे चित्र पाठवले. तो संदेश माझ्याही फोनवर आला होता. तो वाचायचा राहिला, म्हणून आत्याचे केस राहिले.

गुरुवारी सकाळी न्हाणीघरात प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून सहा जणींचे केस यंत्राने काढण्यात आले. बोटाच्या पेरापेक्षाही कमी उरले. वसंतरावांच्या मजल्यावर दर रविवारी न्हावी येतो. तो प्रत्येकाला विचारतो, मिशी ठेवायची का, कल्ले किती ठेवायचे. या सहा जणींना कुणी काही विचारले नाही. जयम्मांना वाटले आंघोळ आहे. त्या डोळे मिटून बसल्या होत्या.

मॅनेजरबाईंना मी याबद्दल विचारले. त्या शांतपणे बोलल्या. उवा होतात, केस वाळत नाहीत, सर्दी होते. लांब केसांच्या एका बाईला न्हाऊ घालायला जो वेळ लागतो, त्यात तिघींची आंघोळ होते. पाळीला दोनच आया आहेत. हे सगळे खरे आहे. पाळीला चार आया ठेवल्या असत्या तर यंत्र लागले नसते, हेही तितकेच खरे आहे. ते त्या बोलल्या नाहीत. संस्थेच्या फाटकावर रंगीत फलक आहे. त्यावर एका हसऱ्या आजीचे चित्र आहे आणि तिने अंबाडा घातला आहे, त्यावर गजरा आहे.

त्या सकाळी यमुनाक्का तिथे नव्हत्या. त्यांना डोळे तपासायला नेले होते. दिवस मुद्दाम निवडला होता की योगायोग होता, हे सिद्ध करता येत नाही. त्या परतल्या तेव्हा डोळ्यांत औषध घातलेले होते आणि त्यांना सगळे धूसर दिसत होते. चहा झाला. त्यांनी नेहमीप्रमाणे खुर्ची मांडली. मंजुळाने सुधाताईंना आणून बसवले आणि ती तोंड फिरवून उभी राहिली. यमुनाक्कांनी तेल तळहातावर घेतले आणि हात डोक्यावर ठेवला.

"कोण बसलंय हे?"

त्यांनी हात उचलून पुन्हा ठेवला.

"मंजुळा, खालच्या मजल्यावर पुरुष कोण आणला?"

"सुधाताई आहेत, अक्का."

यमुनाक्कांनी दोन्ही हातांनी ते डोके चाचपले, कपाळापासून मानेपर्यंत. मग हात साडीला पुसले. भिंतीला धरत त्या दुसऱ्या खाटेपाशी गेल्या, मग तिसऱ्या. मग जयम्मांच्या डोक्यावर हात ठेवला. जयम्मा म्हणाल्या, "अक्का, आज मी काय सांगू?" यमुनाक्का म्हणाल्या, "आज सुम्ने बस. गप्प बस. आज मला सांगायचंय." आणि त्या ऑफिसकडे गेल्या. तिथे काय बोलणे झाले ते हॉलपर्यंत ऐकू आले. ते कन्नडमध्ये होते आणि इथे लिहिण्यासारखे नाही.

सुधाताईंचे पुढचे लक्षात यायला एक दिवस गेला. त्यांनी कपाळाचे कुंकू पुसले. हातातल्या काचेच्या दोन बांगड्या खाटेच्या लोखंडी कडेवर आपटून फोडल्या. संध्याकाळी ताट परत केले. सकाळी त्या जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या सापडल्या. मंजुळाने उठवले तर उठेनात. माझ्या आत्याने जवळ बसून विचारले, "सुधाताई, काय होतंय?"

सुधाताईंनी आवाज खाली आणून विचारले, "दहावा कुणी केला? अमोल आला होता का? मला कुणी सांगितलं का नाही?"

आत्याला उलगडा झाला. सुधाताईंच्या आजीचे, नवरा गेल्यावर, दहाव्या दिवशी केशवपन झाले होते. ती आजी पुढे आयुष्यभर तांबडे लुगडे डोक्यावरून घेऊन माजघरात भिंतीकडे बसत असे, हे सुधाताई वेणी घालून घेताना कितीदा तरी सांगत. कालचे सगळे पुसले गेले होते, ते मात्र राहिले होते. डोक्यावर हात गेला, केस नव्हते. बाईचे केस कधी काढतात, हे त्यांना माहीत होते. त्यांनी त्याचा अर्थ लावला, आणि त्या कोपऱ्यात बसल्या.

वसंतराव त्याच इमारतीत, त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर, नाश्त्याची वाट पाहत होते.

यमुनाक्कांनी मॅनेजरबाईंना सांगितले, वसंतरावांना आत्ता खाली आणा. मॅनेजरबाई म्हणाल्या, डॉक्टर येणार आहेत, रविवारी आणू. दोनच दिवस आहेत. यमुनाक्का सरळ लिफ्टमध्ये शिरल्या. बायकांना वरच्या मजल्यावर जायला मनाई आहे. दहा-पंधरा मिनिटांनी लिफ्ट खाली आली. त्यात चाकाच्या खुर्चीत वसंतराव होते आणि ती ढकलत, खुब्याने लंगडत, यमुनाक्का होत्या.

"बघा सुधाबाई, कोण आलंय. तुमचं धन. धडधाकट आहे. आत्ताच उपीट खाऊन आलंय, हनुवटीला रवा लागलाय बघा."

सुधाताईंनी मान वळवली. वसंतरावांकडे पाहिले आणि घाईघाईने डोक्यावर पदर ओढायला हात नेला. अंगात गाऊन होता, पदर नव्हता. हात खांद्यावर शोधत राहिला. शेवटी त्यांनी खाटेवरचा टॉवेल ओढून डोक्यावर घेतला आणि खाली पाहत म्हणाल्या, "भाऊजी आलेत. थोरले भाऊजी. त्यांना बसायला द्या कुणीतरी."

वसंतरावांचे थोरले बंधू जाऊन बरीच वर्षे झाली आहेत. वसंतरावांना बोलता येत नव्हते, पण ऐकू येत होते. त्यांनी डावा हात पुढे केला. धरायला वेणी नव्हती. त्यांनी टॉवेलचे टोक धरले. सुधाताईंनी ते हळूच सोडवून घेतले.

हे पाहणाऱ्यांत मंजुळा होती, आत्या होती आणि मॅनेजरबाईही होत्या. मॅनेजरबाई म्हणाल्या, "एक-दोन दिवसांत विसरतील त्या. हा आजारच तसा आहे."

शनिवारी अमोल आला. आईला पाहून दारातच थांबला. यमुनाक्कांनी त्याला बसू दिले नाही.

"अंगठा दाखवलास म्हणे."

"अक्का, मला वाटलं ट्रिम करतील थोडे. मॅनेजमेंटनं हायजीन म्हटलं. मी मीटिंगमध्ये होतो."

"ब्लाऊजची बाही अर्धा इंच कापायची तर मी गिऱ्हाइकाला दोनदा विचारत होते. ही आई आहे तुझी. तिला विचारलंस?"

"तिला काय कळणार, अक्का?"

"तिला कळलं. तेच तर झालंय. जा, तुझ्या बापाचं सुतक धरून बसलीय. विचार तिला."

अमोल आईपाशी जमिनीवर बसला. "आई, बाबा वर आहेत." सुधाताईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू केलंस ना सगळं नीट?" एवढेच विचारले. जाताना त्याने ऑफिसात लिहून दिले, की यापुढे आईचे केस कापू नयेत. दुसरी जागा शोधतो, असेही त्याने सांगितले. त्याने शोधल्या. जिथे चौकशी केली तिथे केसांचा नियम हाच होता.

यमुनाक्कांनी उशाखालची पिशवी काढली. त्यात सगळ्यांचे गुंतवळ होते. जयम्मांचे, आत्याचे, स्वतःचे आणि सुधाताईंचेही. त्यांनी ते शिकेकाईने दोनदा धुतले, उन्हात वाळवले, विंचरून सरळ केले आणि काळ्या दोऱ्याने मुळाशी बांधून गंगावन केले. पूर्वी केस विरळ झालेल्या बायका वेणीत मिसळायला असे गंगावन घरीच करत. हे मात्र टेकवायला डोक्यावर केस नव्हते. म्हणून त्यांनी ब्लाऊजच्या कापडाची टोपड्यासारखी पट्टी शिवली आणि गंगावन तिला टाचले. मंजुळाने आपल्या वेणीतला मोगऱ्याचा तुकडा तोडून दिला. सुधाताईंना उठवून खुर्चीवर बसवले. त्या नको म्हणत होत्या.

"सुतकात वेणी घालतात का, यमुनाबाई?"

"सुतक संपलं. खोटं होतं ते."

"खोटं?"

"खोटं. आणि शिळंही. हात खाली घ्या."

पट्टी बांधली, वेणी पाठीवर सोडली, कुंकू लावले. सुधाताईंनी हात मागे नेला आणि वेणी पुढे ओढून पाहिली. ती निम्मी पांढरी, निम्मी करडी होती, मध्येच मेंदीची लाल बट होती. त्यांनी ती खालपर्यंत चाचपली. त्या रात्री त्या दूधभात जेवल्या.

पाडव्याला वसंतरावांना खाली आणले. इमारतीत प्राणवायूच्या टाक्या असल्यामुळे दिवा पेटवायला बंदी आहे. कंपनीच्या मुलांनी सोडलेला एक बॅटरीचा दिवा होता, तो यमुनाक्कांनी ताटलीत ठेवला. सुधाताईंनी ताटली घेतली. सगळा हॉल पाहत होता. त्यांनी वसंतरावांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, किती वाळलात." मग ओवाळले. वसंतरावांनी ओवाळणी घालायला डावा हात सदऱ्याच्या खिशात घातला. खिशात दुपारच्या चहाबरोबर मिळालेले बिस्किट होते. त्यांनी ते ताटलीत ठेवले. जयम्मा मोठ्याने म्हणाल्या, "एवढंच?" आणि सगळ्या जणी हसल्या. हे मी पाहिले आहे.

सोमवारी सकाळी सुधाताईंना आंघोळीला नेले तेव्हा पट्टी आणि गंगावन काढून ठेवले होते. मॅनेजरबाईंनी ते उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावले. अनेकांचे केस एकत्र केलेली वस्तू आरोग्याला घातक आहे, असे त्यांचे म्हणणे. यमुनाक्कांना कळेपर्यंत कचऱ्याची गाडी तो डबा घेऊन गेली होती. त्याच वेळी उरलेल्या पाच जणींना पुन्हा न्हाणीघराबाहेर रांगेत बसवण्यात आले, कारण केस वाढू लागले होते. यंत्र खिडकीच्या कट्ट्यावर होते. यमुनाक्कांनी ते उचलले, काठी टेकत अंगणात गेल्या, पायाने संपचे झाकण सरकवले आणि आत टाकले.

इमारतीचे पाणी दिवसभर बंद राहिले. टाकी उपसून धुवावी लागली. गंगावनापेक्षा टाकीची बातमी मोठी झाली. वरच्या मजल्यावरच्या काही पुरुषांच्या नातेवाइकांनी तक्रार केली, की अशी बाई इथे ठेवणे सुरक्षित नाही. चंद्रू टॅक्सी घेऊन आला. त्याने क्षमा मागितली, भरपाई देतो म्हणाला. यमुनाक्का टॅक्सीत बसता बसता त्याला म्हणाल्या, "क्षमा तू माग. मी नाही. आणि भरपाई द्यायचीच तर टाकीची दे, यंत्राची देऊ नकोस."

सुधाताई पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसू लागल्या.

पंधरा दिवसांनी यमुनाक्का रिक्षाने परत आल्या. चंद्रूच्या घराचा जिना त्या आता बसून, एकेक पायरी सरकत चढत-उतरत होत्या. फाटकावर रखवालदाराने अडवले. आत सोडायचे नाही, असा त्याला हुकूम होता. त्या त्याच्याशी भांडल्या नाहीत. इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत गेल्या. हॉलची एक खिडकी त्या गल्लीत उघडते. तिला लोखंडी गज आहेत. त्यांनी काठीने गजावर टकटक केले.

"मंजुळा. ए म्हशी. खुर्ची आण इकडे."

मंजुळाने बुटकी खुर्ची खिडकीशी, पाठ गल्लीकडे करून ठेवली. यमुनाक्कांनी गजांतून दोन्ही हात आत घातले. त्यानंतर दर गुरुवारी त्या येत. गल्लीतला इस्त्रीवाला त्यांच्यासाठी एक विटांचा ओटा मांडून ठेवी. ज्यांना केस होते त्यांना वेणी, ज्यांना नव्हते त्यांना तेल. खोटे सांगायचा नियम कायम होता. गल्लीतले लोक येता-जाता थांबून ऐकत.

सुधाताईंना त्या दर वेळी एकच वाक्य ऐकवत. "वसंतराव वर आहेत, आज काय खाल्लं ते मंजुळाला विचारा." सुरुवातीला सुधाताई उत्तर देत नसत.

मी यमुनाक्कांना शेवटचे पाहिले ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एका गुरुवारी मुद्दाम जाऊन. चंद्रूच्या दुकानातले एक कापड डोक्यावर घेऊन त्या गल्लीत ओट्यावर उभ्या होत्या. खिडकीच्या आत सुधाताई बसल्या होत्या. त्यांचे केस कानांच्या खाली आले होते. यमुनाक्कांनी ते मागे ओढून, उंदराच्या शेपटीएवढी वेणी वळून, फितीने बांधली. दोनदा ती सुटली. तिसऱ्यांदा त्यांनी दातांनी फीत आवळली आणि गजाला गाल लागला तेव्हा कन्नडमध्ये शिवी दिली.

"शिव्या देऊ नये, यमुनाबाई," सुधाताई म्हणाल्या.

"सरी. नवीन काहीतरी सांगा."

सुधाताईंनी हात मागे नेऊन वेणी चाचपली. मग मंजुळाकडे पाहून विचारले, "हे जेवले का?"

मंजुळा म्हणाली, "जेवले. दहीभात."

"त्यांना लोणचं देऊ नका. रक्तदाब आहे," सुधाताई म्हणाल्या.

यमुनाक्कांनी गजांतून हात बाहेर काढले, तेल साडीला पुसले आणि पुढच्या बाईला हाक मारली.

त्यानंतरच्या आठवड्यात त्या खिडकीला बाहेरून बारीक तारेची जाळी बसवण्यात आली. डासांसाठी आहे, असे संस्थेने सांगितले. हॉलच्या दुसऱ्या कोणत्याही खिडकीला जाळी नाही.